कार्यभाराचा तास आणि आरक्षणाचा बिंदू

प्राध्यापक दिवसाला तीन तास शिकवतो आणि महिन्याला लाखभर रुपये उचलतो, असे वाक्य चहाच्या टपरीपासून मंत्रालयापर्यंत सर्रास ऐकू येते. त्याच महाविद्यालयात दुसरा एक प्राध्यापक असतो. तोही नेट-सेट झालेला, पीएच.डी. केलेला, पण त्याला तास मोजून पैसे मिळतात, आणि दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या हाती छदामही पडत नाही. दोघे एकच अभ्यासक्रम शिकवतात, एकाच फळ्यावर लिहितात, एकाच विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासतात. मग प्राध्यापकाचे काम म्हणजे नेमके काय? ते मोजायचे कसे? आणि मोजणारा कोण? हा प्राध्यापक संघटनांचा घरगुती प्रश्न आहे, असे चळवळीतील अनेकांना वाटते. वास्तविक हा प्रश्न आरक्षणाच्या मुळाशी जाऊन भिडतो. कारण महाविद्यालयात पद जन्माला येते ते कार्यभारातून. पदच जन्माला आले नाही तर बिंदुनामावली लावायची कशाला?

ही साखळी आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. अनुदानित महाविद्यालयात आधी वेळापत्रक बनते. कोणत्या विषयाला आठवड्याला किती तास, हे त्यात ठरते. त्यावरून प्राचार्य कार्यभाराचा तक्ता तयार करतात. तो तक्ता उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात तपासला जातो. विषयाच्या एकूण तासांना एका प्राध्यापकाच्या ठरलेल्या तासांनी भागले की पदांची संख्या निघते. त्या पदांची बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची, आणि मग जाहिरात. आपला तरुण या साखळीत कुठे येतो? अगदी शेवटी, जाहिरात हातात पडल्यावर. त्याच्या वाट्याची जागा दोन पायऱ्या आधीच, भागाकारात गेलेली असू शकते. ती गेली हे त्याला कळतही नाही. जाहिरातीत आरक्षण डावलले तर आपण मोर्चा काढतो. भागाकारात डावलले तर कोणाविरुद्ध मोर्चा काढणार?

आता नियम काय सांगतो ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये जे विनियम अधिसूचित केले, त्यांत पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार आठवड्याला ४० तासांपेक्षा कमी नसावा, आणि तो वर्षातून ३० आठवडे, म्हणजे १८० अध्यापन दिवस असावा, असे म्हटले आहे. शिक्षकाने रोज किमान पाच तास महाविद्यालयात उपलब्ध राहायचे आहे. यांपैकी प्रत्यक्ष शिकवण्याचे तास सहाय्यक प्राध्यापकाला १६, तर सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक यांना १४. याच विनियमांत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. पदवी वर्गाच्या शिक्षकाने रोज दोन तास विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, समाजविकासाचे उपक्रम, ग्रंथालयात साहाय्य, संशोधन अशा कामांसाठी द्यायचे आहेत, आणि किमान १५ विद्यार्थी एका शिक्षकाकडे सोपवायचे आहेत. म्हणजे 'तीन तास शिकवतो' हे टपरीवरचे वाक्य कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. शिकवणे हा ४० तासांतला एक भाग आहे. बाकीच्या तासांची कामेही कर्तव्यच आहेत.

मेख अशी की पद मोजताना फक्त १६ चा आकडा धरला जातो. रोजचे दोन तास मार्गदर्शन नियमात आहे, वेळापत्रकात नाही. आणि वेळापत्रकात जे नाही, ते कार्यभाराच्या तक्त्यात येत नाही.

आकडा किंचित हलला तरी काय होते, याचा हिशेब करून पाहा. समजा, एका महाविद्यालयात दहा विषय आहेत आणि प्रत्येक विषयाला आठवड्याला ३२ तास आहेत. १६ तासांच्या हिशेबाने प्रत्येक विषयाला दोन पदे, एकूण वीस पदे. अनुसूचित जातींचे १३ टक्के धरले तर सरासरीने अडीचहून अधिक जागा आपल्या वाट्याला येतात. आता १६ चे १८ करा. फक्त दोन तास वाढवले. प्रत्येक विषयात एक पूर्ण पद बसते आणि १४ तास उरतात. उरलेल्या तासांना पद न देता ते तासिका तत्त्वावर टाकले की वीस पदांची दहा होतात. त्या दहावर १३ टक्के म्हणजे जेमतेम एक जागा. मुलांची संख्या तीच, विषय तेच, तास तेच. फक्त भाजक बदलला आणि आपली निम्मी जागा गेली! आरक्षणाच्या कायद्याला हातही न लावता हे होऊ शकते.

ही नुसती कल्पना नाही. मे २०१६ मध्ये आयोगाने खरोखरच तास वाढवले होते. सहाय्यक प्राध्यापकाचे १६ चे १८ केले आणि वर ट्युटोरियलचे सहा तास घालून एकूण २४ केले. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकांनी उत्तरपत्रिका तपासणीवर बहिष्कार टाकला. त्या विद्यापीठात तदर्थ प्राध्यापकांची संख्या मोठी होती, आणि तास वाढले की सर्वांत आधी आपणच बाहेर फेकले जाणार हे त्यांनी ओळखले होते. काही आठवड्यांतच केंद्र सरकारला माघार घ्यावी लागली आणि १६ व १४ तासांचा जुना हिशेब परत आला. भाजकाची ताकद तेव्हा दिल्लीच्या तदर्थ प्राध्यापकांना कळली. ती आपल्यालाही कळली पाहिजे.

बिंदुनामावलीची लढाई आपल्या वाचकांना आठवत असेल. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठाऐवजी प्रत्येक विभाग हे एकक धरावे असा निकाल दिला. ५ मार्च २०१८ ला आयोगाने तसे परिपत्रक काढले. २२ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची याचिका फेटाळली. तेरा बिंदूंच्या त्या पद्धतीत अनुसूचित जातीचा उमेदवार सातव्या पदावर आणि अनुसूचित जमातीचा चौदाव्या पदावर येतो. ज्या विभागात पदेच तीन किंवा चार, तिथे आपला नंबर लागणार कधी? ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला. दोनच दिवसांत, ७ मार्चला, सरकारला अध्यादेश काढावा लागला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय शैक्षणिक संस्थांसाठी कायदा झाला. महाराष्ट्रातही २०२१ च्या कायद्याने विषयनिहाय आरक्षणाऐवजी संवर्गनिहाय आरक्षणाची तरतूद आली. ही लढाई आपण जिंकलो. पण एकक मोठे झाले म्हणून पदे वाढत नाहीत. वीस पदांचे एकक आणि दहा पदांचे एकक यांत फरक आहे, आणि तो फरक कार्यभाराच्या तक्त्यात ठरतो. एककाच्या लढाईत जे मिळवले, ते तासांच्या हिशेबात गमवायचे काय?

पदे मंजूर होऊनही ती भरली जात नाहीत, ही दुसरी तऱ्हा. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त जागांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० सहाय्यक प्राध्यापकांची पदे भरायला परवानगी दिली. त्यांतली १,४९२ भरली गेली. मे २०२० मध्ये कोरोनाचे कारण सांगून भरती थांबवण्यात आली. उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा मान्यता मिळायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळात वर्ग भरतच होते. ते कोण घेत होते? तासिका तत्त्वावरील प्राध्यापक. एका रिक्त पदाचे तास साधारणपणे दोघांत वाटून द्यायचे, म्हणजे कोणाचाच कार्यभार पूर्ण होत नाही, आणि ज्याचा कार्यभार पूर्ण नाही तो पूर्णवेळ वेतन मागू शकत नाही. किती सोपी युक्ती आहे पाहा! माणूस पूर्ण वापरायचा आणि कागदावर अर्धा दाखवायचा.

याच विनियमांत कंत्राटी शिक्षकांचे प्रमाण एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे आणि त्यांना दिले जाणारे मासिक मानधन नियमित सहाय्यक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावे, असेही लिहिलेले आहे. पण आपल्याकडे 'कंत्राटी' हा शब्द टाळून 'तासिका तत्त्व' हा शब्द वापरला की ही अट लागू नाही असा पवित्रा घेता येतो. कर्तव्य तेच, नाव वेगळे.

वकिलीच्या व्यवसायात अशा प्राध्यापकांची कागदपत्रे नेहमी पाहायला मिळतात. दहा-बारा वर्षे एकाच संस्थेत शिकवलेले, दर वर्षी नवा नेमणूक आदेश, दर उन्हाळ्यात खंड. त्यांत आपल्या समाजातील मुलेमुली मोठ्या संख्येने असतात. आईवडिलांनी मोलमजुरी करून शिकवलेले, घराण्यातले पहिले पीएच.डी. न्यायालयात त्यांच्यापुढे २००६ चा उमादेवी प्रकरणातील घटनापीठाचा निकाल ठेवला जातो: तुमची नेमणूक मंजूर पदावर, रीतसर निवडीने झालेली नाही, तर तुम्हाला कायम होण्याचा हक्क कसला? म्हणजे आधी कार्यभार तोडून पद निर्माण होऊ द्यायचे नाही, आणि मग पद नव्हते म्हणून हक्क नाही असे सांगायचे. चोराने घर लुटावे आणि घरात काही नव्हतेच असे पंचनाम्यात लिहावे, तसा हा प्रकार आहे.

तरीही कायद्याची दारे बंद नाहीत. ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समान कामाला समान वेतन हे तत्त्व अस्थायी कर्मचाऱ्यांनाही लागू केले. डिसेंबर २०२४ च्या जग्गो प्रकरणात, वर्षानुवर्षे नियमित स्वरूपाचे काम करून घेणाऱ्यांना उमादेवी निकालाची ढाल करता येणार नाही, अशी भूमिका त्याच न्यायालयाने घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधील कंत्राटी सहाय्यक प्राध्यापकांच्या प्रकरणात त्यांना सहाय्यक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन देण्याचा आदेश झाला. महिन्याला ३० हजार रुपयांवर प्राध्यापक राबवायचे आणि समारंभात गुरूंचा महिमा गायचा, या ढोंगावर न्यायालयाने नेमके बोट ठेवले. या साऱ्या प्रकरणांत एक गोष्ट सिद्ध करावी लागते: मी करतो ते काम आणि नियमित माणूस करतो ते काम एकच आहे. ते सिद्ध करायचे तर कामाची नोंद हवी. कर्तव्याची व्याख्या हवी.

आता न मोजल्या जाणाऱ्या कामांकडे वळू. परीक्षेचे पर्यवेक्षण, उत्तरपत्रिका तपासणी, नॅकचे कागद, राष्ट्रीय सेवा योजना, प्रवेशासाठी गावोगाव फिरणे. निवडणूक आली की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५९ खाली कर्मचारी मागवले जातात आणि प्राध्यापक मतदान केंद्रावर. विनाअनुदानित महाविद्यालयांत तर अमुक इतके प्रवेश आणा नाहीतर पुढच्या वर्षी येऊ नका, अशी तोंडी ताकीद असते. ही सगळी कामे करणारा नाही म्हणू शकत नाही, कारण त्याच्या नेमणूक आदेशात 'प्राचार्य सांगतील ते काम' असे एक वाक्य असते. व्याख्या नसली की हुकूम चालतो. आणि हुकूम सर्वांत जास्त कोणावर चालतो? ज्याची नोकरी कच्ची आहे त्याच्यावर.

उलट, जे काम आपल्या मुलांच्या जिव्हाळ्याचे आहे त्याला वेळच उरत नाही. पहिल्या पिढीतील विद्यार्थी महाविद्यालयात येतो तेव्हा त्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज, जात वैधता प्रमाणपत्र, इंग्रजीची भीती, वसतिगृह, घरून येणारा कामाचा तगादा या सगळ्यांशी एकाच वेळी झुंजावे लागते. ज्याचे वडील स्वतः पदवीधर आहेत त्याला घरी विचारता येते. आपल्या मुलाला शिक्षकाशिवाय कोण आहे? वर्ग संपल्यावर खुर्ची ओढून त्याच्याशी अर्धा तास बोलणारा शिक्षक त्याला तारतो. पण पुढचा तास दुसऱ्या महाविद्यालयात घ्यायला एसटी पकडणाऱ्या प्राध्यापकाकडे तो अर्धा तास कुठून असणार? रोजच्या दोन तासांचे मार्गदर्शन ही आपल्या मुलांची गरज आहे, आणि कार्यभारातून सर्वांत आधी तीच गळते.

बाबासाहेब स्वतः प्राध्यापक होते, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत. पुढे १९३५ मध्ये शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीपुढे दिलेल्या लेखी निवेदनात त्यांनी परीक्षा घेणारे विद्यापीठ आणि शिकवणारे विद्यापीठ यांतला फरक स्पष्ट केला होता, आणि अध्यापनाची संशोधनापासून ताटातूट करण्याला विरोध केला होता. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांसाठी सकाळच्या वर्गांची सोय केली. म्हणजे तास कधी ठेवायचे हे विद्यार्थ्याची परिस्थिती पाहून ठरवले. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले, आणि मराठवाड्यातील आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढ्या तिथे घडल्या. त्या शिक्षकांचा तिथला कार्यभार केवळ व्याख्यानांच्या तासांत मोजता आला असता काय?

नव्या शैक्षणिक धोरणाने आता तासांचा हिशेब पुन्हा ढवळला आहे. राज्यात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालये आणि विद्यापीठ विभागांत, तर २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवी श्रेयांक रचना आली. मुख्य विषय, गौण विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, भारतीय ज्ञान प्रणाली, कार्यप्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प अशी विभागणी झाली. पूर्वी कला शाखेचा विद्यार्थी जे तीन विषय बरोबरीने घेई, त्यांतला एक आता मुख्य, एक गौण आणि तिसरा कुठेच नाही असे होऊ शकते. ज्या विषयाचे तास घटतात त्याचे पद अतिरिक्त ठरते किंवा निवृत्तीनंतर भरले जात नाही. कार्यप्रशिक्षण आणि क्षेत्रप्रकल्पावर प्राध्यापकाने घातलेला वेळ किती तास धरायचा, यावर पदे ठरणार आहेत. पालीचेच पाहा. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले. पण महाविद्यालयात पालीचा विभाग बहुधा एका माणसाचा असतो. त्याचे तास घटले की विभागाला कुलूप. अभिजात दर्जा दिल्लीत मिळतो, पद मात्र महाविद्यालयाच्या वेळापत्रकात मरते.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. वर्गावर न जाता सह्या करणारे, खासगी शिकवण्या आणि जमिनीचे व्यवहार सांभाळणारे कायम प्राध्यापकही आहेत. त्यांच्यात आपलेही काही आहेत. चळवळीच्या बळावर नोकरी मिळवायची आणि वस्तीतल्या मुलाचा तास बुडवायचा, हा समाजद्रोह आहे. कर्तव्याची व्याख्या मागताना ती आपल्यावरही लागू होणार हे मान्य करूनच मागितली पाहिजे. ४० तास लिहून काढा, ते फळ्यावर लावा, आणि विद्यार्थ्यालाही पाहू द्या. प्रामाणिक शिक्षकाला यात भिण्यासारखे काही नाही.

मग करायचे काय? अनुदानित महाविद्यालयातून तीन कागद मागवा: चालू वर्षाचे वेळापत्रक, सहसंचालकांना सादर केलेला कार्यभाराचा तक्ता आणि बिंदुनामावलीची नोंदवही. सप्टेंबर २०१९ मध्ये डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य घेणारी संस्था माहितीच्या अधिकाराखाली येते. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. तिन्ही कागद शेजारी ठेवा आणि भागाकार स्वतः करा. वेळापत्रकात तास आहेत पण तक्त्यात नाहीत, तक्त्यात पद आहे पण नोंदवहीत बिंदू नाही, असे जिथे आढळेल तिथे लेखी हरकत घ्या.

सरकारकडे मागण्याही नेमक्या असाव्यात. मार्गदर्शनाचे तास कार्यभारात धरा. निम्म्याहून अधिक तास उरत असतील तर तिथे पूर्ण पद द्या. परीक्षा, निवडणूक, प्रवेश या कामांची मर्यादा नेमणूक आदेशात लिहा. तासिका तत्त्वावरील नेमणुकांनाही बिंदुनामावली लावा. ४५ दिवस किंवा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांत आरक्षण ठेवण्याचा नियम केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत आहेच, मग महाराष्ट्रातील महाविद्यालयांत का नको? आणि त्यांना वेतनश्रेणीतील किमान वेतन द्या.

नेट-सेटचे मार्गदर्शन वर्ग आपण ठिकठिकाणी चालवतो, ते चालवलेच पाहिजेत. पण परीक्षा पास झालेल्या मुलाला पद कुठे आहे, हेही त्याच वर्गात शिकवले पाहिजे. या जूनमध्ये नवी वेळापत्रके लागतील तेव्हा आपल्या तालुक्यातील एका तरी महाविद्यालयाचा कार्यभार तपासून पाहा. जयभीम.